छायाचित्रातील बाहुली आणि हातातील बाहुली: पहिल्या खरेदीपूर्वीच्या प्रत्यक्ष भेटीचे एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीचे आहे आणि तिच्या संमतीने लिहीत आहे. ती चौतीस वर्षांची, व्यवसायाने आराखडे काढणारी असून लहानसहान वस्तू स्वतः शिवण्या-रंगवण्याची तिला जुनी आवड आहे. उखळीच्या सांध्यांच्या संग्राह्य बाहुल्यांची, म्हणजे संग्राहक ज्यांना 'बीजेडी' (बॉल-जॉइंटेड डॉल) म्हणतात त्यांची, छायाचित्रे ती सलग आठ महिने पाहत होती. शेवटी सुमारे ७० सेंटीमीटर उंचीच्या एका पुरुष बाहुलीवर तिचे मन बसले. मागणीचा अर्ज भरून झाला होता, फक्त पैसे पाठवायचे राहिले होते. त्या टप्प्यावर मी तिला थोडे थांबण्यास आणि आधी एखादी बाहुली हातात घेऊन पाहण्यास सुचवले, तेव्हा तिने विचारले, "ताई, फोटो शेकड्यांनी पाहिले आहेत. आता प्रत्यक्ष पाहून वेगळे काय दिसणार?"

अकरा वर्षे या बाहुल्या सांभाळूनही मला त्या प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले नाही. "हातात घेतल्यावर कळेल" एवढेच मी म्हणाले, आणि ते उत्तर अपुरे होते. पुढच्या सहा महिन्यांत जे घडले त्यातून उत्तराचा बराचसा भाग मिळाला, त्यातला काही माझ्या अपेक्षेविरुद्धही होता. म्हणून ही नोंद.

बाहुलीची घडण

ही वस्तू कशी बनते हे माहीत नसेल तर पुढचे प्रसंग नीट उलगडणार नाहीत. आपल्या खांद्याचा आणि खुब्याचा जसा उखळीचा सांधा असतो, तसेच सांधे या बाहुलीच्या जवळजवळ प्रत्येक जोडावर असतात. अवयव पॉलियुरेथेन रेझिनचे, साच्यातून ओतलेले आणि आतून पोकळ असतात. त्या पोकळीतून मजबूत इलॅस्टिक ओवलेले असते. डोक्यातील आकड्यापासून धडातून खाली पावलांपर्यंत त्याचा एक फेर जातो आणि दोन्ही हातांसाठी दुसरा असतो, टोकांना इंग्रजी 'एस' अक्षराच्या आकाराचे धातूचे आकडे असतात. बाहुली उभी राहते, मान वळवते, गुडघा वाकवून बसते, ते सर्व या ताणाच्या आणि सांध्यांतील घर्षणाच्या जोरावर. डोळे सुटे असतात आणि डोक्याच्या मागची टोपी काढून आतून बसवावे लागतात. केसांचा टोप सुटा असतो. चेहऱ्यावरचे रंगकाम, ज्याला सर्वजण 'फेस-अप' म्हणतात, तेही पुसून नव्याने करता येते.

या बाहुल्यांच्या इतिहासात प्रत्यक्ष पाहणे आणि छायाचित्रावरून पाहणे असे दोन्ही प्रकार भेटतात, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. बर्लिनच्या संग्रहालयातील सोळाव्या शतकातील सांधेदार लाकडी बाहुल्या जर्मन कलाकार हान्स बेल्मर यांनी समोर उभे राहून पाहिल्या आणि १९३०च्या दशकात आपल्या शिल्पबाहुलीसाठी उखळीचा सांधा घेतला. त्या शिल्पाचे छायाचित्र १९६५ मध्ये एका मासिकात पाहून जपानमधील बाहुलीकार योत्सुया सिमोन यांच्या कामाची दिशा बदलली. पुढे १९९९ मध्ये वोक्स या जपानी कंपनीने 'सुपर डॉल्फी' ही रेझिनची मालिका विक्रीस आणली आणि त्यानंतर कोरियातील व अन्य ठिकाणच्या कंपन्या या कामात उतरल्या. सिमोन यांना छायाचित्र पुरले, कारण सांध्याची कल्पना तेवढ्यातूनही मिळू शकते आणि बाहुली तर त्यांना स्वतःच घडवायची होती. घेणाऱ्याला मात्र दुसऱ्याने घडवलेली, ठरावीक वजनाची आणि ठरावीक ताणाची वस्तू रोज हाताळायची असते.

वोक्स ही मुळात जोडणीच्या प्रतिकृतींचे संच बनवणारी कंपनी आहे. बाहुली मालकाने उघडावी, डोळे बदलावेत, इलॅस्टिक नव्याने ओवावे ही अपेक्षा या छंदात पहिल्यापासून आहे. त्यामुळे इथे जी वस्तू घरी येते ती पुरी झालेली मूर्ती नसते, पुढे बराच काळ काम मागणारी एक जुळणी असते. बहिणीने आठ महिने जे पाहिले ते मात्र कुणीतरी काम पुरे करून, चांगल्या उजेडात बसवून टिपलेले क्षण होते.

पहिली भेट

आम्ही सहाजण अधूनमधून एकमेकांच्या घरी बाहुल्या घेऊन जमतो. अशा एका दुपारी मी तिला सोबत नेले. टेबलावर अकरा बाहुल्या होत्या, आणि ७०, ६०, ४३ व २७ सेंटीमीटर अशा चारही उंचीगटांतल्या होत्या. तिने निवडलेला चेहरा त्यांत नव्हता आणि या कारणाने ती जवळजवळ यायचेच टाळत होती. परंतु नेमकी हवी तीच बाहुली पाहायला मिळणे हे कुणाच्याही नशिबी क्वचितच येते. डोके आणि धड बहुधा वेगवेगळ्या साच्यांतून निघतात आणि एकाच धडावर त्या कंपनीची अनेक डोकी बसतात. आमच्यातील एका ज्येष्ठ संग्राहकांकडे, ज्यांना आम्ही काका म्हणतो, तिला हव्या असलेल्या कंपनीचे, त्याच धडाचे, वेगळ्या डोक्याचे पुरुषरूप होते. चेहऱ्याखेरीज सर्व काही तपासण्यासाठी ते पुरेसे होते.

तिने अंगठी आणि घड्याळ काढले, हात धुतले. काकांनी बाहुली पुढे करताना सांगितले, "डोक्याला किंवा मनगटाला धरू नका. एक हात पाठीशी, एक बैठकीखाली. चेहऱ्याला बोट लावायचे नाही." बाहुली तिच्या हातात आली आणि तिचे दोन्ही हात सरळ खाली गेले. कपडे, बूट आणि टोप धरून तिचे वजन तीन किलोच्या आसपास होते. छायाचित्रात ही बाहुली सडपातळ, लांब हातापायांची, जवळजवळ हलकी वाटते, कारण तिचे प्रमाण प्रौढ माणसाचे असते आणि शेजारी मोजायला काहीच ठेवलेले नसते. बहिणीचे रोजचे काम मापांचे असल्याने ७० सेंटीमीटर म्हणजे किती हे तिला कुणी सांगण्याची गरज नव्हती. पण तेवढ्या उंचीचे, तीन किलोंचे, थंड आणि गुळगुळीत असे एक शरीर आपल्या हातांवर रेलते तेव्हा काय वाटते, हे कोणत्याही आराखड्यात नसते.

तिने त्याला खुर्चीवर बसवायचा प्रयत्न केला. गुडघा अर्ध्यावर असताना इलॅस्टिकचा ताण सुटला आणि पाय झटक्याने सरळ झाला. याला आम्ही 'लाथ मारणे' म्हणतो आणि ते सर्रास घडते. ती दचकली आणि आपल्या हातून काही मोडले असे तिला वाटले. गुडघा आधी किंचित ओढून, खोबणीतून बाहेर घेऊन, मग वाकवून पुन्हा बसवायचा असतो. काकांनी ते तीनदा करून दाखवले. चौथ्या वेळी तिला जमले.

यानंतर तिने स्वतःहून विचारले की याचा सदरा बदलून पाहू का. माझ्या मते सबंध दुपारीत तिने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच, कारण बाहुली पाहणारे बहुतेक नवखे लोक फक्त चेहऱ्याकडे पाहत बसतात. सदऱ्याच्या बाह्या अरुंद होत्या. बोटे पसरलेला तळवा त्यांतून जात नाही, म्हणून तळवा आकड्यावरून काढून ठेवावा लागतो. त्यासाठी एका हाताने इलॅस्टिक ताणून धरायचे आणि दुसऱ्या हाताने आकडा फिरवून सोडवायचा. तिच्या उजव्या मनगटाला आराखड्यांच्या कामाने आलेले दुखणे आहे. एक तळवा निघाला, दुसरा काकांनी काढून दिला. सदरा काढून परत घालायला पाऊण तास गेला. त्या अवधीत ती फारशी बोलली नाही, आणि मीही काही बोलले नाही.

आणखी एक गोष्ट तिने मला नंतर सांगितली. या बाहुल्यांच्या काही डोळ्यांत बुबुळ घुमटाकार काचेच्या मागे खोलवर असते, त्यामुळे पाहणारा सरकला की नजरही त्याच्यामागे वळल्यासारखी भासते. छायाचित्रात नजर एका जागी थांबलेली असते. तिने निवडलेल्या बाहुलीची दूरवर लागलेली नजरच तिला आवडली होती. खोलीत मात्र तीन किलोंचे ते पुरुषरूप ती जिथे जाईल तिथे तिच्याकडे पाहत होते, आणि तिला ते सोसवेना. मला तोच गुण फार आवडतो. यात बरोबर-चूक काही नाही. परंतु आपल्याला तो सोसतो की नाही हे पैसे पाठवण्याआधी कळणे किती मोलाचे आहे, ते तिच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पाहिले.

रेझिनचा रंग

एकाच कंपनीच्या, एकाच 'नॉर्मल' वर्णाच्या, पण काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन बाहुल्या टेबलावर होत्या. दिव्याखाली त्यांत फरक दिसत नव्हता. खिडकीपाशी नेल्यावर एक गुलाबीसर आणि दुसरी लोण्याच्या रंगाकडे झुकलेली दिसली. रेझिन सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पिवळे पडते आणि अंधारात ठेवले तरी सावकाश का होईना पिवळे पडतच राहते. शिवाय प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी ओतलेल्या रेझिनचा, मूळ रंग थोडा वेगळा असतो. गडद कपड्यांचा, विशेषतः काळ्या आणि लाल कापडाचा, रंग रेझिनला लागून बसू शकतो. जुन्या बाहुलीच्या कमरेवर तशी फिकट निळसर रेघ होती आणि तिच्या मालकिणीने ती न लपवता दाखवली. पडद्यावर निवडलेला वर्ण आणि घरी येणारा वर्ण यांत छायाचित्रकाराचा उजेड, पडद्याचा रंग, घाणा आणि वय असे चार हात मध्ये असतात, हे बहिणीने तेव्हाच आपल्या वहीत लिहून घेतले.

लहान गट

२७ सेंटीमीटरच्या बाहुल्या तिने पाहिल्या आणि लगेच बाजूला ठेवल्या. त्यांच्या बुटांचे बंद बांधायला चिमटा लागत होता.

४३ सेंटीमीटरच्या गटातील एक बाहुली मात्र तिने घेतली ती जवळजवळ तासभर खाली ठेवलीच नाही. वजन किलोच्या आत, पाठ हाताच्या पंज्यात मावणारी, बैठक कोपरापासून मनगटापर्यंतच्या जागेत बसणारी. गुडघ्याला दोन सांधे असल्याने पाय पुरा दुमडत होता. तळवे तिने स्वतः काढले आणि स्वतः लावले. यादीत तिने हा गट कधीच धरला नव्हता, कारण छायाचित्रांत तो तिला पोरकट वाटला होता.

प्रत्यक्ष भेटीनेही फसगत होते

इथवर हे प्रकरण प्रत्यक्ष पाहण्याच्या बाजूचे वाटेल, आणि त्या बाजूने मी ठाम आहेच. तरीही त्याच दुपारी दोन ठिकाणी प्रत्यक्ष भेटीने तिची दिशाभूल केली, आणि त्यांपैकी दुसरीला मी जबाबदार आहे.

पहिली गोष्ट अशी. ६० सेंटीमीटरच्या एका स्त्री बाहुलीपाशी ती थबकली आणि हाच चेहरा कुठे मिळेल असे तिने विचारले. मी कंपनीचे मूळ, न रंगवलेल्या डोक्याचे छायाचित्र दाखवले, तेव्हा ते तेच डोके आहे हे तिला पटेना. त्या चेहऱ्यावरचे काम मालकिणीने तिसऱ्यांदा केलेले होते. मऊ खडूची पूड कुंचल्याने थरावर थर चढवायची, प्रत्येक थरावर रंग पक्का करणाऱ्या मॅट स्प्रेचा हात द्यायचा, भुवयांचा केस न् केस जलरंगाच्या पेन्सिलीने ओढायचा, आणि बिघडले तर सर्व पुसून पुन्हा पहिल्यापासून. बहिणीला आवडलेली गोष्ट साच्यात नव्हती, म्हणून ती मागवताही येत नव्हती. बैठकीत जमलेल्या बाहुल्या बहुधा अशाच असतात, कुणीतरी वर्षानुवर्षे लक्ष दिलेल्या. त्या पाहून मागणी नोंदवणारा माणूस नकळत त्या लक्षाचीच मागणी नोंदवत असतो.

दुसरी गोष्ट सांध्यांची. ४३ सेंटीमीटरची ती गुणी बाहुली माझी होती. नऊ वर्षांत तिचे इलॅस्टिक मी दोनदा बदलले होते, गुडघ्यांच्या आणि खुब्यांच्या खोबणीत पातळ सुएड चामड्याच्या चकत्या चिकटवल्या होत्या, कोपरांत हॉट ग्लूचा पातळ थर दिला होता आणि पायांवरच्या साच्याच्या रेषा बारीक पॉलिश पेपरने, तोंडाला मास्क बांधून, पाण्याखाली घासून काढल्या होत्या. म्हणूनच ती कशीही बसत होती आणि एका पायावरही क्षणभर उभी राहत होती. यातले काहीही मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. लपवायचे म्हणून नव्हे, ते माझ्या इतके अंगवळणी पडले होते की सांगण्यासारखे काही आहे असे मला सुचलेच नाही. नवखा माणूस बाहुली हातात घेतो तेव्हा मालकाने तिच्यावर काय काय केले आहे हे त्याला कळलेच पाहिजे, नाहीतर तो कंपनीचे धड तपासत नसून मालकाची मेहनत तपासत असतो.

निर्णय

तिने त्या दिवशी काहीच ठरवले नाही. घरी जाऊन तिने पुठ्ठ्याचे दोन आकार कापले, एक ७० सेंटीमीटरच्या बाहुलीचा बसलेला आकार आणि दुसरा ४३ सेंटीमीटरच्या बाहुलीचा, आणि आपल्या कपाटाच्या फळीवर आळीपाळीने आठवडाभर ठेवले. मोठा आकार फळीच्या बाहेर आला आणि त्याची जागा खिडकीसमोर, म्हणजे उन्हातच, निघत होती. याच काळात तिच्या मूळ निवडीची एक स्वस्त नक्कल, ज्याला 'रिकास्ट' म्हणतात, कुणीतरी तिला देऊ केली. मूळ शिल्पावरून परवानगीविना साचा घेऊन केलेली ही वस्तू असते. ती तिने नाकारली, आणि माझ्या मते ते योग्यच केले, कारण मूर्तिकाराच्या कामाचा मोबदला त्यात मूर्तिकाराकडे जात नाही.

तीन आठवड्यांनी ती माझ्याकडे पुन्हा आली आणि या वेळी तिने प्रश्न लिहून आणले होते. इलॅस्टिक कधी बदलले, खोबणीत काय घातले आहे, नवी असताना ही उभी राहत होती का, साच्याच्या रेषा कुठे होत्या. त्या यादीनेच माझी चूक माझ्या लक्षात आणून दिली. मी सर्व सांगितले, एका गुडघ्यातील सुएडची चकती काढून दाखवली, आणि तो गुडघा लगेच घसरू लागला. तिने दहा मिनिटे तोच पाय वाकवून सरळ करून पाहिला आणि म्हणाली, "हे चालेल मला. निदान हे माझ्या हाताला पेलते."

तिने ४३ सेंटीमीटरची, दुहेरी सांध्यांच्या धडाची बाहुली मागवली. धड तिने हाताळलेले होते, डोके मात्र केवळ छायाचित्रांत पाहिलेले होते. कंपनीचाच फेस-अप घेतला, कारण मॅट स्प्रेसाठी लागणारी कोरडी हवा, मोकळी जागा आणि वाफेपासून संरक्षण देणारा मास्क यांची सोय तिच्याकडे नव्हती. या बाहुल्या बहुधा मागणीनंतरच ओतल्या जातात. तिला चार महिने वाट पाहावी लागली.

बाहुली आल्यानंतर

खोके उघडताना मी तिथे होते. अंगावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाची चकाकी होती, पायांच्या बाजूने साच्याच्या रेषा बोटाला लागत होत्या, प्रवासात एक डोळा सरकून वर पाहत होता. इलॅस्टिक कारखान्यातून येते तसे करकचून होते, आणि पहिल्यांदा बसवताना दोन्ही पायांनी लाथ मारली. ती दचकली नाही. गुडघा किंचित ओढून घेतला, वाकवला, बसवला. वर्ण माझ्या बाहुलीपेक्षा गुलाबी होता, तो तसा असणार हे तिला ठाऊक होते. चेहरा मात्र छायाचित्रातल्यापेक्षा लहान आणि रंगाने फिका वाटला, आणि पहिले काही दिवस ती थोडी हिरमुसलेली होती. डोके प्रत्यक्ष पाहिले नव्हते, आणि निराशा नेमकी तिथेच आली. नंतर तिने डोळे बदलले, १४ मिलीमीटरच्या जागी १२ मिलीमीटरचे, गडद राखी रंगाचे बसवले, आणि तिच्या मते आता चेहरा जुळून आला आहे. मला पहिले डोळे अधिक आवडले होते.

साच्याच्या रेषा घासून काढण्यासाठी पेपर आणि मास्क तिने आणून ठेवले आहेत, पण मी तिला ते काम पुढच्या बैठकीनंतर करण्याची विनंती केली. त्या बैठकीला दोन नवीन माणसे येणार होती आणि आमच्यापैकी कुणाकडेही हात न लावलेली बाहुली उरलेली नव्हती. ती आपली बाहुली घेऊन आली, ती होती तशी, ताठ इलॅस्टिकची आणि रेषांसकट, माझ्या बाहुलीच्या शेजारी ठेवली, आणि दोन्हींचे गुडघे आळीपाळीने वाकवून पाहा असे त्या दोघांना सांगितले.